सातचा भोंगा

२०१२च्या जुलैत ती पहिल्यांदा आली, त्या दिवशी मुंबईत हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाणी होतं. दुपारपासून तीन जणांचे फोन आले होते, आज येणं जमत नाही म्हणून. ती मात्र ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी दारात उभी होती. सलवार पोटरीपर्यंत भिजलेली, छत्री नीट गुंडाळून पिशवीत घातलेली. आत या म्हटलं तर म्हणाली, "अजून दहा मिनिटं आहेत." आणि पाच वाजेपर्यंत जिन्यातच उभी राहिली.

हे मी तिच्या केसपेपरवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. परळमध्ये काम करायला लागून २७ वर्षं झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. टाटा, केईएम, वाडिया ही मोठी रुग्णालयं इथून चालत जाण्यासारखी, त्यामुळे खालच्या फुटपाथवर बारा महिने बाहेरगावची माणसं एक्स-रेची पाकिटं घेऊन बसलेली असतात. माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात असं पाकीट नसतं. त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत चूक होणं सोपं असतं. इथे ज्या दोघांबद्दल लिहिते आहे त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तेव्हा ३८ वर्षांची होती. एका कार्यालयात रेकॉर्ड विभागात १६ वर्षं काम केलेलं. कुठली फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या साली कुठल्या कागदाचा आकार बदलला, हे सगळं तोंडपाठ. मग विभागाची फेररचना झाली आणि तिला लोकांच्या काउंटरवर बसवलं. तीन आठवड्यांत सकाळी घराबाहेर पडताना उलट्या व्हायला लागल्या. झोप गेली. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि बोलण्यासाठी माझ्याकडे पाठवलं.

"लोकांसमोर जायला नको वाटतं," ती म्हणाली. "मी बोलले की काहीतरी चुकतं."

"लोक हसतील अशी भीती वाटते का?"

"हसतात."

मी लिहून घेतलं. लग्न केलं नाही, कारण "मला कोण करून घेणार." मैत्रीण एकही नाही. कार्यालयात डबा एकटीच खाते. नवीन ठिकाणी जायचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. आपण इतरांहून कमी आहोत, हे तर ती प्रत्येक वाक्यात सांगत होती. अव्हॉयडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरची निदानाच्या पुस्तकात सात लक्षणं दिली आहेत आणि त्यांपैकी चार जुळली की निदान करता येतं. मला पाच जुळलेली दिसली. या विकाराचं मराठी परिभाषेतलं नाव फार जड आहे. मी रुग्णांना "नकाराच्या धाकाने माणसं टाळणं" असं सांगते. माणसं हवी असतात, मनापासून हवी असतात, पण ती आपल्याला नापसंत करतील या धाकाने आधीच मागे सरायचं, आणि असं विशीपासून सगळ्या आयुष्यात पसरलेलं.

कारणही मला सापडलं. तिचे वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तिचे वडील त्यानंतर पुन्हा कधी गिरणीच्या आत गेले नाहीत. घरात दागिने गेले, भांडी गेली, दुकानदाराने उधारी बंद केली. ती तेव्हा आठ वर्षांची होत होती. "संपानंतर ही गप्प झाली," असं तिची आई म्हणाली होती. मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. परळ-लालबागमध्ये कुठल्याही घरच्या दुःखाला संपाचं कारण जोडता येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून पुढे विचारायचं राहून जातं.

उपचार पुस्तकाप्रमाणे सुरू केले. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं: आधी कार्यालयातल्या एका बाईला रोज नमस्कार, मग तिच्यासोबत चहा, मग दादरच्या बाजारात भाव विचारणं, मग हळदीकुंकवाला जाणं. प्रत्येक वेळी घालमेल किती झाली ते शून्य ते शंभरमध्ये वहीत मांडायचं. भीती असेल तर ती पुन्हा पुन्हा सामोरं गेल्यावर उतरते. ८०वरून ६०, मग ४०. या उपचाराचा सगळा आधार तोच आहे.

इतका नियमाने गृहपाठ करणारी रुग्ण मला आजवर मिळालेली नाही. तारीख, वेळ, ठिकाण, आकडा, सगळं एका सरळ ओळीत. पण आकडा उतरत नव्हता. हळदीकुंकवाला ९०. दुसऱ्या हळदीकुंकवालाही ९०. बाजारात सतराव्या वेळीही ८०. मी समजले की कुठेतरी तिचा विरोध आहे, ती मनापासून सामोरी जात नाही. मी ते तिला बोलूनही दाखवलं. ती काही बोलली नाही. मार्च २०१३मध्ये तिने येणं थांबवलं.

त्याच वहीच्या मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट होती आणि ती मी पाहिली होती. तिथे तिने प्रसंग लिहून ठेवले होते. कुणाला मुलगी झाली तर काय म्हणायचं. कुणाची बदली झाली तर काय म्हणायचं. मयताच्या घरी: बोलायचं नाही, बसायचं, पाणी आणून द्यायचं, दुसऱ्या बाया उठल्या की उठायचं. सत्तर-ऐंशी प्रसंग असतील. मला वाटलं, काळजीखोर माणूस करतो तशी ही पूर्वतयारी आहे. ज्या गोष्टी इतरांना कुणी शिकवत नाही, त्या हिला वर्षानुवर्षं बघून बघून, परक्या भाषेसारख्या शिकाव्या लागल्या आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ती पुन्हा आली २०१७मध्ये. ती राहत होती ती चाळ पुनर्विकासाला गेली होती. घरं रिकामी करायची नोटीस लागली होती. ती जेवेना, झोपेना, रात्री उठून खोलीतल्या वस्तू मोजत बसायची. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून सोबत शेजारच्या खोलीतल्या काकू आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, रत्नागिरीकडच्या, हातात कापडी पिशवी. मी केसपेपर काढला, जुनी नोंद वाचली आणि सहज म्हटलं, "संपानंतर गप्प झाली ना या?"

काकू म्हणाल्या, "संपाचं काय घेऊन बसलात डॉक्टरबाई? ही तीन वर्षांची होती तेव्हापासून अशीच."

आणि मग त्या पाऊण तास बोलत राहिल्या. मी त्या दिवशी चार पानं लिहिली. पोरगी तान्ही असताना कडेवर घेतली की लाकडासारखी ताठ व्हायची. खेळायला पोरं गॅलरीत आली की ही सोड्याच्या बाटल्यांची बुचं रंगाप्रमाणे लावत बसायची, आणि एखादं कुणी हलवलं तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं रडायची. नळावर पाणी आलं की तिची बादली तिसरीच लागायची. दुसरी लागली तर ती परत घेऊन जायची. फणसाच्या वासाने तिला उलटी व्हायची, मग मे महिन्यात काकू फणस गच्चीवर नेऊन फोडायच्या. गणपतीत ताशा वाजायला लागला की ती खाटेखाली जाऊन बसायची, पण आरत्या सगळ्या पाठ, एक ओळ चुकली तर पुढे होऊन दुरुस्त करायची. एकदा हळदीकुंकवाला तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तिळगूळ गेल्या वर्षीचा आहे, वास येतोय. "खरंच होता हो तो गेल्या वर्षीचा," काकू म्हणाल्या. "पण असं कुणी बोलतं का? सगळ्या हसल्या. तिला कळेचना काय झालं ते. तेव्हापासून पोरगी बोलायच्या आधी दहादा विचार करायला लागली."

आणि भोंगा. बाजूच्या गिरणीचा सकाळी सातचा भोंगा व्हायचा, त्याच्या मिनिटभर आधी ही गॅलरीत येऊन कान दोन्ही हातांनी गच्च दाबून उभी राहायची. घड्याळ न बघता. भोंगा झाला की हात काढून आत जायची. संप झाला, भोंगा बंद झाला. ही त्यानंतरही कित्येक महिने रोज सातला येऊन कान दाबून उभी राहत होती, आणि भोंगा होत नाही म्हणून रडत होती.

"आम्हाला वाटायचं, बापाच्या गिरणीसाठी रडते," काकू म्हणाल्या.

ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. पहिल्यांदाच मध्ये बोलली: "गिरणीसाठी नाही. भोंगा झाल्याशिवाय हात कधी काढायचे ते कळत नव्हतं."

पाच वर्षांपूर्वी मी जे लिहिलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं. तिला माणसांची भीती बसली होती, स्वतःला ती कमी लेखत होती. पण तो वरचा थर होता. खाली जन्मापासूनची स्वमग्नता होती, ऑटिझम, आणि चाळीस वर्षं हसं झाल्यामुळे तिच्यावर ही भीती साचत गेली होती. मी वरच्या थरावर उपचार करत राहिले. बाजारातला तिचा ८०चा आकडा लोक काय म्हणतील याचा नव्हताच. तो कोळणींच्या आवाजाचा, माशांच्या वासाचा, अंगाला घासून जाणाऱ्या माणसांचा आणि कुठून कोण येईल याचा अंदाज नसण्याचा होता. तो सतराव्या वेळीही उतरणार नव्हता, सत्तराव्या वेळीही नाही. आणि मी तिला सांगितलं होतं की तू मनापासून प्रयत्न करत नाहीस. हे वाक्य मी परत घेतलं, त्याच दिवशी, काकूंच्या समोर.

या दोन नावांची गुंतागुंत जुनी आहे. १९२५ साली मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी सहा मुलग्यांची वर्णनं लिहिली. आज ती वाचताना स्वमग्न मुलंच डोळ्यांसमोर येतात, पण त्यांनी नाव दिलं ते व्यक्तिमत्त्वाच्या विकृतीचं. १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर लिहिलं, पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी. आस्पेर्गरांच्या लेखाच्या मथळ्यातसुद्धा व्यक्तिमत्त्वविकृतीचा तेव्हाचा शब्द आहे. मग १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं जे पुस्तक निघालं, त्यात दोन्ही नावं पहिल्यांदा वेगवेगळी आली. अव्हॉयडंट हा थिओडोर मिलन यांनी १९६९मध्ये वापरलेला शब्द मोठ्यांच्या भागात गेला, आणि ऑटिझम लहान मुलांच्या भागात, तोही वयाच्या ३० महिन्यांच्या आत सुरू झाला पाहिजे या अटीवर. १९८१मध्ये लंडनच्या लोर्ना विंग यांनी आस्पेर्गरांचं काम पुन्हा उजेडात आणलं. त्या डॉक्टर होत्या आणि स्वमग्न मुलीची आईही होत्या. बोलणारी, शिकलेली, नोकरी करणारी माणसंही स्वमग्न असू शकतात हे तेव्हापासून हळूहळू मान्य होत गेलं. त्या वर्षी परळमध्ये भोंगे होत होते आणि ही मुलगी सात वर्षांची होती. इथे तिच्याकडे पाहून कुणाला हे नाव सुचण्याची काही शक्यता नव्हती. आपल्या १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नाही. तो १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये बसला.

रुग्णालयांच्या आचार्य दोंदे मार्गावरून जाताना मला नेहमी वाटतं की पुस्तकातली ती विभागणी आमच्या डोक्यातही तशीच उतरली आहे. मुलांचा दवाखाना एका दारातून, मोठ्यांची ओपीडी दुसऱ्या दारातून. मुलांच्या डॉक्टरकडे गेलं तर तो पहिला प्रश्न विचारतो, मूल कधी बसायला लागलं, कधी बोललं, बोट दाखवून मागायचं का. मोठ्यांसाठी नवा केसपेपर निघतो आणि त्यावर लहानपणासाठी दोन ओळी असतात. मीही तशीच शिकले. एम.फिल.ला ऑटिझमवर जे काही झालं ते बालकांपुरतं. व्यक्तिमत्त्वाचे विकार मात्र मोठ्यांचे, म्हणून मोठा माणूस माणसं टाळताना दिसला की हात त्या कप्प्याकडे आपोआप जायचा.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही चूक दुप्पट होते. चाळीत मुलगा बोलत नसला तर वैद्य, डॉक्टर, गावच्या देवाचा कौल, सगळं होतं. मुलगी बोलत नसली तर ती गुणी ठरते. "आमची पोर फार गरीब आहे हो," असं कौतुकाने सांगितलं जातं. आपल्या भाषेत या माणसांसाठी शब्दांची कमतरता नाही: भिडस्त, बुजरी, मुखदुर्बळ, घुमी, एककल्ली, तऱ्हेवाईक, माणूसघाणी. मी हल्ली घरच्यांना विचारते, लहानपणी तुम्ही यांना काय म्हणायचा? भिडस्त आणि एककल्ली या दोन शब्दांत मला फार मोठा फरक दिसतो. भिडस्ताला समोरच्याची भीड असते. म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय याचं त्याला भान असतं, जरा जास्तच असतं. एककल्ली माणूस आपल्या कलाने चालतो, दुसऱ्याचा कल त्याच्यापर्यंत पोचतच नाही किंवा फार उशिरा पोचतो. शब्द हे काही निदान नव्हे. पण काकूंसारख्या बायका उगीच शब्द वापरत नाहीत.

उलट बाजूची गोष्टही सांगते, कारण मी एकीकडची चूक सुधारायला जाऊन दुसरीकडे झुकण्याच्या बेतात होते.

२०२२मध्ये २६ वर्षांचा एक मुलगा आला. नायगावला बीडीडी चाळीत वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला, लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत नोकरी. करोनात घरून काम होतं तेव्हा तो सुखी होता. कार्यालय सुरू झालं आणि त्याने राजीनाम्याचं पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. येताना तो स्वतःच निदान घेऊन आला होता. इंटरनेटवर त्याने ऑटिझमची ती ५० प्रश्नांची चाचणी सोडवली होती, केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांची, २००१ची. ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासावं असा तिचा संकेत आहे. त्याला ३६ मिळाले होते. "मॅडम, मी ऑटिस्टिक आहे. आता मला कळलं मी असा का ते."

त्याला ते नाव मिळाल्याचा इतका दिलासा वाटत होता की मला लगेच हो म्हणावंसं वाटलं. पण मी त्याला म्हटलं, आपण तोच कागद पुन्हा घेऊ, आणि तू जिथे हो म्हटलंस तिथे का, ते सांग. समारंभापेक्षा एकट्याने वाचत बसणं बरं वाटतं? हो. का? "समारंभात कुणीतरी इंग्रजीत काही विचारतं. मी बोलायला लागलो की समोरची दोघं एकमेकांकडे बघतात." फोनवर बोलणं जड जातं? हो. का? "आवाजावरून त्यांना कळतं मी कुठला ते." पन्नास प्रश्नांत आवाज, वस्तूंचं वेड, ठरलेला क्रम यांच्याबद्दलच्या प्रश्नांना त्याची उत्तरं फार तर सौम्य होती. गुण चढले होते ते मुख्यतः माणसांच्या प्रश्नांवर, आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी कुणाची तरी नजर होती.

नजरेचंच बोलायचं तर तोही माझ्याकडे बघत नव्हता. पण मी घड्याळाकडे डोळे वळवले की त्याला ते कळायचं. एकदा मला घरची काळजी होती आणि मी नेहमीसारखीच बोलत होते, तो निघताना म्हणाला, "मॅडम, आज मी फार बोर केलं का तुम्हाला?" तो चोरून सतत बघत होता आणि जे दिसायचं त्याचा अर्थ स्वतःच्या विरुद्ध लावत होता. रेकॉर्ड विभागातल्या त्या बाई उलट माझ्याकडे एकटक बघायच्या. खूप नंतर त्यांनी सांगितलं की शाळेत बाईंनी समोर बघून बोलायला शिकवलं होतं, म्हणून त्या माझ्या भुवया बघतात. डोळे मिळवतो की नाही एवढंच पाहून निदान करणाऱ्याने या दोघांची अदलाबदल केली असती.

मी त्याच्या आईला बोलावलं, थोरल्या बहिणीला बोलावलं. लहानपणी तो मजल्यावरचा सगळ्यांत बडबड्या मुलगा. दहीहंडीला चौथ्या थरावर चढणारा. ढोलपथकात चार वर्षं. नकला करून सगळ्यांना हसवणारा. आजही चाळीच्या नाक्यावर मित्रांत बसला की तो वेगळाच असतो, असं बहीण म्हणाली. तुटलं कधी, तर अकरावीत. नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पहिल्याच महिन्यात वर्गासमोर उभं राहून इंग्रजीत बोलायचं होतं, एका शब्दाच्या उच्चारावर वर्ग हसला, शिकवणारेही हसले. त्यानंतर दोन वर्षं तो शेवटच्या बाकावर बसला, आणि मग सगळीकडेच शेवटच्या बाकावर बसत गेला.

हा ऑटिझम नव्हता. मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मग माझाच दोष ना? जन्मजात असतं तर वेगळं."

हे वाक्य मला आजही अस्वस्थ करतं. एक नाव मिळालं की माणूस निर्दोष ठरतो आणि दुसरं मिळालं की गुन्हेगार, असं आमच्या शब्दांनीच झालं आहे. व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणजे माणूसच बिघडलेला, असं ऐकणाऱ्याला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, २०२२पासून लागू झालेल्या, व्यक्तिमत्त्वविकारांचे हे जुने कप्पे जवळजवळ सगळे काढून टाकले आहेत आणि त्रास किती आहे, कुठल्या अंगाने आहे, हेच मुख्यतः लिहायचं ठेवलं आहे. मला ते बरं वाटतं. त्या मुलाला मी कुठल्याही कप्प्याचं नाव न घेता म्हटलं, की १६व्या वर्षी ४० जण हसले आणि तू स्वतःला वाचवायचा जो मार्ग काढलास तो त्या वेळी बरोबर होता. आता तो तुला महाग पडतो आहे. जे उपचार त्या बाईंना जाच ठरले तेच त्याला लागू पडले. पहिल्या वेळी ८५, पाचव्या वेळी ५०, बाराव्या वेळी २०. मराठी उच्चाराच्या इंग्रजीत त्याने सगळ्या टीमसमोर दहा मिनिटं मांडणी केली. कुणी हसलं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी हसलं तरी काय होईल हे त्याने आधीच दोनदा अनुभवून पाहिलं होतं.

दोघांना मी एक प्रश्न सारखाच विचारला होता. समजा, तुम्हाला कुणीही नावं ठेवणार नाही याची शंभर टक्के खात्री आहे. नातेवाइकाच्या लग्नाला जाल का?

तो म्हणाला, "लगेच. सगळ्यांत पुढे नाचेन."

त्या बाईंनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "नावं ठेवतात म्हणून मी जात नाही असं नाही. बँड असतो. अत्तर असतं. जेवण झाल्यावर कधी निघायचं ते कुणी सांगत नाही."

हा प्रश्न मी आता बहुतेकांना विचारते. त्याने निदान होत नाही. कितीतरी जणांची उत्तरं मधली येतात, आणि काहींमध्ये दोन्ही खरोखर असतं. स्वमग्न माणसांना माणसं नकोच असतात ही समजूतही चुकीची आहे. त्या बाईंना मैत्रीण हवी होती. नीट सांगितलं तर, शांत खोलीत, एका वेळी एक, आणि विषय जुने नकाशे असेल तर त्या तीन तास बोलू शकत. पण त्या प्रश्नाने एवढं होतं की टाळणं हे एकच दिसत असलं तरी माणूस नेमकं काय टाळतो आहे याकडे माझं लक्ष जातं. त्यानंतर मी दुसरं विचारते: कधीपासून? आणि त्याचं उत्तर रुग्णाकडे नसतं. तीन वर्षांचे असताना आपण कसे होतो हे कुणाला आठवतं?

ते आईला आठवतं, पण आई थकलेली असते, गेलेली असते, किंवा तिने मनाशी एक कारण पक्कं करून ठेवलेलं असतं. ते मजल्याला आठवतं. एका गॅलरीत वीस बिऱ्हाडं, एक नळ, उघडी दारं. तिथे कुठल्याच पोराचं लहानपण खासगी नव्हतं. ऑटिझमच्या तपासणीसाठी परदेशात आईवडिलांच्या तासन्‌तास मुलाखती घेतात, खास प्रशिक्षण घेऊन. परळ-लालबाग-नायगावमध्ये ती मुलाखत शेजारच्या काकूंच्या डोक्यात तयार असते. आणि हे मजले आता रिकामे होत आहेत. टॉवर होतात, काही जण तिथेच वर राहायला जातात, बाकीचे डोंबिवली, विरार, बदलापूर, कुणी गावाला. टॉवरमध्ये गेलेल्यांचीही दारं बंद असतात. त्या काकू २०१७च्या दिवाळीनंतर मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. ती सहा महिने उशिरा आली असती तर सोबत कुणी दुसरंच आलं असतं, आणि मी पुन्हा तोच केसपेपर पुढे चालू ठेवला असता.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळीही काकूंची ती चार पानं उपयोगी पडली. आपल्याकडे त्यासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, इसा. ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरतात. ती मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. सगळे प्रसंग वहीत लिहून पाठ केलेली ४३ वर्षांची बाई टेबलापलीकडे बसते तेव्हा तिच्यात काहीच वेगळं दिसत नाही. तिच्या कार्यालयाने मात्र प्रमाणपत्राची वाट पाहिली नाही. मी दोन पानांचं पत्र लिहिलं, तिच्या साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं?" मी सांगितलं: काउंटर नको, सूचना तोंडी न देता कागदावर, वरची लुकलुकणारी ट्यूबलाइट बदला, आणि काही बदलणार असेल तर एक दिवस आधी कळवा. एवढंच करायचं होतं. पुढच्या सोमवारी ती रेकॉर्ड विभागात परत गेली. उलट्या थांबल्या. गोळ्या वर्षभरात डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. हळदीकुंकवाला ती आता जात नाही, आणि जात नाही याचं तिला वाईट वाटत नाही.

काकू २०२१मध्ये गेल्या. डोंबिवलीला ती गेली होती. बोलली नाही, बसली, पाणी आणून दिलं, दुसऱ्या बाया उठल्या तेव्हा उठली नाही. तिने मला फोनवर विचारलं, हे चुकलं का? मी म्हटलं, नाही.

वाचकांपैकी जे चाळीत वाढले, त्यांना एक विनंती करते. तुमच्या मजल्यावर असं एखादं मूल वाढलं असेल, बुचं रांगेत लावणारं, ताशा वाजला की खाटेखाली जाणारं, किंवा उलट, अकरावीपर्यंत सगळ्यांना हसवणारं आणि मग एकदम गप्प झालेलं, आणि आज ते चाळिशी-पन्नाशीत एकटं राहत असेल, तर तुम्हाला आठवतं ते एका कागदावर लिहा. वय लिहा, साल लिहा, संपाच्या आधी की नंतर ते लिहा. आणि तो कागद त्याच्या हातात द्या.